दोन महिने उशिरा जन्मलेला ब्रेक

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते, ते दुकानात आले की खुर्ची पुढे करते. जिभेला सवय झाली आहे. मनातल्या मनात मात्र मी त्यांना कित्येक वर्षं अरे-तुरेच करत आले आहे, आणि हे वाचून झाल्यावर तुम्हीही कराल.

भाऊजी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत होते, खिडकीच्या आतल्या बाजूला. सगळ्या नोकरीत त्यांनी एकच काम मन लावून केलं, लोकांना परत पाठवायचं. कुणाची सही चौकटीच्या बाहेर गेलेली, कुणाचा शिक्का अर्धवट उमटलेला, कुणाच्या साक्षीदाराचा साक्षीदार नाही. कागद आत गेला की भाऊजी तो उजेडाला धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद होता तसा बाहेर ढकलायचे आणि म्हणायचे, "अपुरं आहे. पुन्हा या." एकदा एक माणूस आईच्या मृत्यूचा दाखला मागायला आला. भाऊजींनी विचारलं, आई गेल्याचा पुरावा काय? तो बिचारा म्हणाला, "पुरावा घरी ठेवलाय साहेब, बर्फावर." हा किस्सा भाऊजी स्वतः जेवताना सांगत, हसत, आणि शेवटी पाण्याचा घोट घेऊन म्हणत, "तरी मी त्याला परत पाठवलंच!" आमच्या गल्लीत त्यांना शिक्काराव म्हणत. मला वाटायचं, ऐकून चिडतील. छे, त्यांना ते भूषण वाटायचं.

ताई या माणसाच्या गळ्यात कशी पडली, ते मी सांगत बसत नाही. पडली. ती स्वभावानं गरीब नाही, पण एकदा कुणावर विश्वास टाकला की मग ती त्याच्याकडे नीट बघतच नाही, हा तिचा दोष.

आमचे बाबा शिलाई मशीन विकायचे आणि दुरुस्तही करायचे. त्यांच्याकडे एक लांबरुंद, सायीच्या रंगाची गाडी होती. डिकीत मशीनची लोखंडी डोकी, मागच्या सीटवर सुट्या भागांचे डबे, आणि सगळ्या गाडीला मशीनच्या तेलाचा वास. टेकडीपलीकडच्या वस्त्यांमध्ये बाबांची फेरी असायची. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा शाळा नुकती संपलेली ताई चाकामागे बसली. बाबा शेजारी बसून रस्ता सांगायचे, आणि तो रस्ता ताईला त्यांच्याहून जास्त पाठ असायचा. फिरता फिरता ती मशीनही शिकली. बाबा गेले, गाडी ताईच्या नावावर झाली, आणि गिऱ्हाईकंही तिचीच झाली. बायका तिला फोन करायच्या, "ताई, सुई तुटतेय सारखी, कधी येताय?" आणि ताई निघायची. मला गाडी चालवता येत नाही. मी लाँड्री चालवते आणि लोकांच्या कॉलरी घासते, त्यामुळे माणूस कुठे मळतो हे मला बरोबर कळतं.

मग ताई पडली. एका गिऱ्हाईकाच्या जिन्यावरून मशीनचं डोकं हातात घेऊन उतरत होती, पाय सटकला. मशीन वाचवलं आणि उजवा गुडघा घालवला. गुडघ्यात धातूची पट्टी बसवली. चालायला काही अडचण नव्हती, पण त्या पायात जोर असा राहिला नाही. आणि बाबांच्या गाडीचा ब्रेक म्हणजे दगड होता. दाबायचा तर त्यावर जवळजवळ उभंच राहावं लागायचं. बरी झाल्यावर ती पहिल्यांदा बाहेर पडली, त्या दिवशी टेकडीच्या उतारावर समोर दुधाची गाडी आडवी आली. ताईनं दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले, हँडब्रेक ओढला, देवाचं नाव घेतलं. दुधाच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. ती परत आली ती सरळ माझ्या दुकानात, आणि टांगलेल्या शर्टांच्या मागे जाऊन रडली. "फेरी संपली माझी," म्हणाली. मी तिला लहानपणापासून ओळखते. गुडघा फुटला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती.

उपाय सांगितला आमच्या ब्रेकवाल्यानं. हा ब्रेकवाला थापाड्या आहे, उद्या म्हणतो आणि आठवड्यानं देतो, पण ब्रेकचं त्याला कळतं. तो म्हणाला, "ताई, पॉवर ब्रेक लावून घ्या. पावाच्या डब्याएवढा लोखंडी डबा असतो, बूस्टर म्हणतात. आत रबरी पडदा. इंजिन स्वतःच्या ओढीनं तो पडदा खेचतं, तुम्ही नुसता पाय टेकवायचा." तुमच्या गाडीला त्या काळात कंपनीच जास्तीचे पैसे घेऊन तो लावून द्यायची, असंही त्यानं सांगितलं. बाबांनी तेव्हा घेतला नव्हता. पाय आहेत ना मला, म्हणाले असतील.

म्हणजे गोष्ट सरळ होती. एक डबा आणायचा, बसवायचा, आणि ताईनं सोमवारपासून फेरीला निघायचं. पण त्याच महिन्यात भाऊजी निवृत्त झाले होते. घरात बसून त्यांना परत पाठवायला कुणी मिळत नव्हतं. ते खुर्चीतून उठले, गॅरेजमध्ये गेले, बॉनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "मी बघतो."

पहिल्यांदा त्यांनी पुस्तकं आणली. मग ते जुन्या गाड्यांच्या मंडळात जाऊ लागले. या मंडळाबद्दल मला बोलू द्या. दर रविवारी ही माणसं एका मैदानावर जमतात, पांढऱ्या टोप्या घालतात, आणि स्क्रूवर बोलतात. स्क्रूची खाच आडवी की उभी, यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं आहे. गाड्या ट्रकवर चढवून आणतात आणि ट्रकवर चढवून नेतात. गाडीत कुणी बसत नाही, सगळे गाडीभोवती बसतात. भाऊजींना तिथे पाण्यात मासा सोडल्यासारखं झालं. एक शब्द ते तिथून घरी घेऊन आले, तो म्हणजे 'काळाला धरून'. चहाचा कप फुटला तरी ते विचारायचे, हा काळाला धरून होता का?

ब्रेकवाल्यानं पंधरवड्याच्या आत भंगारातून एक बूस्टर शोधून काढला. त्याच बनावटीच्या गाडीचा. गंजलेला, पण धड. ताई इतकी खूश झाली की तिनं तो डबा बाळ कुशीत घ्यावं तसा धरून घरी आणला, अंगावर गंज लागला तरी. भाऊजींनी भिंग काढलं. डब्याच्या तळाला बारीक अक्षरांत तारखेचा ठसा असतो. तो त्यांनी वाचला, गाडीवरचा ठसा वाचला, पुन्हा डब्याचा वाचला. मग चष्मा कपाळावर गेला.

"हा चालणार नाही," भाऊजी म्हणाले.

"का? मोडलाय?" ताईनं विचारलं.

"मोडलेला नाही. पण हा गाडीपेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हा जन्मलेलाच नव्हता. मग त्या गाडीत तो आला कुठून?"

"ब्रेकवाल्यानं आणला," मी म्हटलं.

"धाकटे, तुला यातलं कळत नाही. परीक्षक पहिल्यांदा तारीख बघतात."

"परीक्षक कशाला? ताईला चालवायचीय ना गाडी?"

ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी खिडकीच्या चुकीच्या रांगेत उभी आहे. डबा त्यांनी अंगणात ठेवून दिला. मी तो उचलून दुकानात आणला, कारण माझ्या दुकानाचं दार वाऱ्यानं सारखं आपटायचं आणि दाराला लावायला काहीतरी जड हवं होतं. दोन महिने उशिरा जन्मल्याबद्दल तो बिचारा त्या दिवसापासून माझं दार धरून उभा राहिला.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगताना आजही माझं डोकं उठतं. योग्य तारखेचा बूस्टर मिळत नव्हता. भाऊजी मिळवत होते. पत्रं जात होती, फोटो येत होते, मंडळाच्या टोप्या दिवाणखान्यात बसून डोकी हलवत होत्या. गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून झोपलेली. आणि ताईचा फोन वाजत होता. "ताई, मशीन अडकलंय, कधी येताय?" ती म्हणायची, "ब्रेक झाले की येते." सुरुवातीला ती हे हसत म्हणायची. मग नुसतं म्हणायची. मग बायकाच विचारायच्या, "झाले का हो ब्रेक?" आणि पुढे पुढे त्याही विचारीनात, कारण एक मोटारसायकलवाला पोरगा तिकडे फिरू लागला होता आणि तो निदान येत तरी होता. मशीनची डोकी घेऊन ताईला बसनं जाता येईना. ती घरी बसून माझ्या गिऱ्हाइकांच्या फाटक्या कॉलरी उलटवून शिवू लागली. वस्त्यावस्त्यांतल्या मशीनचा खडखडाट ऐकून नुसत्या कानानं बिघाड ओळखणारी बाई, आणि मी तिला शर्टांच्या कॉलरी देत होते.

मी तिला कितीदा म्हटलं, माझ्या दारापाशी एक बूस्टर उभा आहे, ने आणि बसव. ती म्हणायची, "अगं, ते माझ्यासाठीच करतायत ना एवढं. करू दे. मन मोडेल त्यांचं." त्यांचं मन! मला विचाराल तर त्या जागी शिक्क्याची गादी होती.

शेवटी जन्मतारीख जुळणारा एक बूस्टर मिळाला. कुठल्याशा दूरच्या गावाहून लाकडी खोक्यात, भुशात गाडून आला. भाऊजींनी मंडळ बोलावलं. खोकं उघडलं तेव्हा एकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलेलं मी पाहिलं. दाढीवाला मोठा माणूस! आतलं रबर अर्थातच कुजलेलं होतं, म्हणून डबा ब्रेकवाल्याकडे गेला. त्यानं तो उघडला, घासला, आत नवा पडदा आणि नव्या रबरी कड्या घातल्या, आणि टेबलावरच पंपानं हवा ओढून दाखवली. दांडा सुळकन आत गेला. ताईनं तो अंगठ्यानं दाबून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. इथे गोष्ट संपली असती, पण भाऊजी शेजारी उभे होते.

त्यांनी खिशातून एक पिवळी पडलेली पुठ्ठ्याची डबी काढली. त्या काळातली, त्या कंपनीची, कधीही न उघडलेली. आत पडदा, तोही त्या काळातला.

"हा घाला," ते म्हणाले.

ब्रेकवाल्यानं पडदा हातात घेऊन वाकवला. कडेला बारीक चिरा दिसल्या. "साहेब, डबी बंद होती म्हणून रबर तरुण राहत नाही. म्हातारं झालंय ते. दाब धरणार नाही."

"पण मूळचं आहे."

"अहो, हे डब्याच्या आत जाणार. वरून झाकण बसणार. आत कोण बघायला जाणार?"

"मला माहीत असेल ना," भाऊजी म्हणाले, आणि हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की जणू फार मोठा त्याग करत आहेत.

ताई तोवर बाहेर रस्त्यावर जाऊन कुणाशी तरी बोलत होती. तिला वाटलं, डबा तयार झाला. मी ऐकत होते, पण मला यंत्रातलं कितीसं कळणार? मला वाटलं, शेवटी लावून बघतील, नाही चालला तर नवा घालतील. ब्रेकवाल्यानं खांदे उडवले, म्हातारा पडदा आत घातला आणि नवा पडदा खिळ्याला टांगून ठेवला. "कुणाला अक्कल आली तर लागेल," असं तो मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. भाऊजींना ते ऐकू आलं नाही. त्यांना स्वतःचंच ऐकायची सवय.

मग डब्याला सोनेरी मुलामा चढला, कारण त्या काळात तो सोनेरीच यायचा. नळीला कापडी वेटोळं, पट्ट्यांना तारेची कडी, सगळं काळाला धरून. हात लागून डाग पडू नये म्हणून भाऊजी पांढरे सुती हातमोजे घालत, आणि ते मोजे धुवायला माझ्याकडे येत. मला वाटतं कुठल्याच लाँड्रीत याहून स्वच्छ मोजे धुवायला आले नसतील. दिवाणखान्यात टॉवेल पसरून त्यावर तो डबा ठेवला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो बघावा लागे. शेजारच्या म्हातारीला वाटलं, चहाचा समोवार आहे, तिनं चहा मागितला.

एका शनिवारी भाऊजी गॅरेजमधून हात पुसत आले आणि म्हणाले, "ब्रेक झाले."

ताईनं हे ऐकलं आणि ती खाली बसली. मग उठली आणि फोनपाशी गेली. एकेका बाईला तिनं फोन केला. काहींना तिची ओळख सांगावी लागली, इतकी वर्षं गेली होती. "मशीनवाली ताई बोलतेय. हो, झाले ब्रेक. सोमवारी येते. तेल, सुया, पट्टे, सगळं घेऊन येते." डबे पुसले, डिकी झाडली, बाबांचा पेचकसांचा गुंडाळा काढून ठेवला. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं.

"आधी रविवारी प्रदर्शन," भाऊजी म्हणाले, "मग सोमवारी तुझं काय ते."

प्रदर्शनाला गाडी ट्रकवर चढवून नेली. ताईनं विचारलं, चालवत का नाही नेत? ते म्हणाले, धूळ बसते. ते तिला पटलं.

मैदान एका शाळेचं होतं आणि एका बाजूला हलकासा उतार होता. उताराच्या खाली परीक्षकांचं टेबल, त्यावर पांढरं कापडी आच्छादन, चहाची किटली, कपबश्या. परीक्षक गाडीखाली झोपून, काठीला बांधलेला छोटा आरसा फिरवत, बॅटरीच्या उजेडात बूस्टरची जन्मतारीख वाचत होते. एका पट्टीचा स्क्रू उलट्या दिशेला तोंड करून होता म्हणून अर्धा गुण गेला, तेव्हा भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. पण उरलेले गुण मिळाले. ढाल मिळाली. त्यांचा फोटो काढायला लोक जमले, आणि माइकवरच्या माणसानं जाहीर केलं की आता विजेत्या गाडीचे मालक मैदानाला एक फेरी मारतील.

मालक ताई होती. ती उठली, गाडीत बसली, किल्ली फिरवली. भाऊजी तिकडे ढाल छातीशी धरून उभे होते, त्यांनी पाहिलंच नाही. इंजिन गोड चालत होतं. ताईनं पहिला गिअर टाकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाडी दोरीच्या कडेनं हळूहळू निघाली, वळली आणि उताराला लागली. ताई माझ्याकडे बघून हसली. मग तिनं पाय टेकवला.

तिचं हसू गेलं ते मला दुरून दिसलं. पेडल सरळ तळाला गेलं होतं. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा. गाडी परीक्षकांच्या टेबलाकडे निघालेली, आणि परीक्षक आरशाची काठी हातात धरून उभे, आता हे कुठल्या नियमात बसतं ते शोधत. मी किंचाळले. ताईनं किल्ली बंद केली, गिअर तसाच ठेवला आणि हँडब्रेक खेचला. बाबांच्या शेजारी बसून केलेल्या सगळ्या फेऱ्या तेव्हा कामाला आल्या. मागची चाकं गवतात फरफटली. बंपर टेबलाला लागला, टेबल हललं, किटली आडवी झाली आणि गाडी थांबली.

मी धावत गेले. ताई दार उघडून बाहेर आली होती आणि दाराला धरून उभी होती. तिचा गुडघा नुसता थरथरत होता. भाऊजीही धावत आले.

"अहो, ब्रेक लागत नाहीत," ताई म्हणाली.

"हळू बोल," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लागतील कसे? ब्रेकचं ऑइलच घातलेलं नाही."

"घातलं का नाही?"

"एक थेंब सांडला तरी रंग सोलून निघतो. आणि मूळचा पडदा जरा चिरलेला आहे, दाब धरत नाही. म्हणून कोरडाच ठेवलाय. मंडळात सगळे तसंच करतात."

"मग झाले म्हणालात, ते काय झालं होतं?"

भाऊजींनी जरा विचार केला. खरंच विचार केला. "बसवून झाले होते," ते म्हणाले.

परीक्षकांपैकी एक जण पुढे आला आणि ताईची समजूत घालू लागला. "घाबरू नका बाई. कोरडे ब्रेक आमच्याकडे चालतात. गुण कापले जात नाहीत."

"आणि कुणी मेलं असतं तर?" मी विचारलं. मग मीच सांगितलं, "तर काय! भाऊजींनी दाखला दिला असता. आधी पुरावा मागितला असता, मग दिला असता."

एकदोन जण हसले. भाऊजींनी ते ऐकलं नाही, कारण ते खाली बसले होते. बंपरवर चहाचे ओघळ आले होते. ते पांढऱ्या मोज्यानं ते ओघळ पुसत होते, काळजीपूर्वक, एका दिशेनं. त्यांच्या डोक्याच्या वर ताईचा गुडघा थरथरत होता आणि ते बंपर पुसत होते. मला आयुष्यात पुष्कळ माणसांचा राग आला आहे. किळस त्या दिवशी पहिल्यांदा आली. ताईनंही त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, लग्नानंतर तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं ते तेव्हाच.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं आणि ताई आली. वाकली, दाराशी ठेवलेला बूस्टर उचलला, कमरेवर घेतला. दार धाडकन आपटलं.

"हा नेते," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला बरं वाटलं.

ब्रेकवाला म्हणाला, संध्याकाळी देतो, आणि गुरुवारी दिला. पण खिळ्याला टांगलेला नवा पडदा त्यानं आपण होऊन काढला. सोनेरी डबा उतरवून दोन महिने उशिरा जन्मलेला गंजका डबा त्या जागी बसला. ऑइल ताईनं स्वतः ओतलं. ओतताना थोडं सांडलं, आणि सायीचा रंग तिथे तापलेल्या दुधावरच्या सायीसारखाच सुरकुतला. भाऊजी दारात उभं राहून हे बघत होते. "अगं, रंग... अगं, तारीख..." एवढंच बोलत होते. ब्रेकवाला शिटी वाजवत होता.

पहिल्यांदा ती मला घेऊन निघाली, त्याच टेकडीवर, त्याच उताराला, दुधाची गाडी आडवी आली होती तिथे. मी सीट घट्ट धरली. "बघ," ताई म्हणाली आणि तिनं पायाचं बोट टेकवावं तेवढंच टेकवलं. गाडी उताराच्या मध्यावर निमूटपणे थांबली. ताईनं पाय काढला, पुढे गेली, पुन्हा टेकवला. पुन्हा थांबली. ती मोठ्यानं हसत होती, शाळा सुटल्यासारखी, आणि मी रडत होते. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याला आम्ही वाजवू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिची फेरी होती. मोटारसायकलवाल्या पोराकडून सगळी गिऱ्हाईकं काही परत आली नव्हती, पण चार वस्त्यांमधून बोलावणं होतं. डिकी भरली, इंजिन सुरू केलं. तेवढ्यात भाऊजी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, आणि काच खटखटवू लागले. ताईनं काच खाली केली.

"मीही येतो म्हणतो," ते म्हणाले. "बघू तरी, कसा लागतो ब्रेक."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. भांगापासून चपलेपर्यंत पाहिलं, कागद उजेडाला धरावा तसं. मग ती अगदी सभ्यपणे म्हणाली, "अपुरं आहे. पुन्हा या." आणि काच वर करून निघून गेली.

भाऊजी फाटकाशी पुष्कळ वेळ उभे होते. मला त्यांची दया आली असती, पण त्यांच्या खिडकीसमोर रांगेत उभी असलेली ती सगळी माणसं आठवली आणि दया मागे फिरली.

सोनेरी बूस्टर त्यांना दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवायचा होता. तिथे ताईनं मशीनचे पट्टे आणि सुया मांडल्या आणि बूस्टर मला आणून दिला. आता तो माझं दार धरतो. भाऊजी जवळजवळ रोज संध्याकाळी येतात. धुवायला मोजे नसतात, म्हणून हवापाण्याच्या गप्पा काढतात, आणि बोलता बोलता खाली वाकून खिशातल्या रुमालानं तो डबा पुसतात. मी खुर्ची पुढे करते. सवय.

काल पुसता पुसता त्यांनी वर न बघता विचारलं, "धाकटे, टेकडीच्या वळणावर ती फार जोरात जाते का गं?"

"जाते," मी म्हटलं. "पण थांबते."